कात्रीबाईच्या सुऱ्या

आमच्या वन्संचं काही चुकलं, की त्या ते लपवत नाहीत. सरळ आणून माझ्या ओट्यावर ठेवतात आणि म्हणतात, "वहिनी, ही बिघडली आहे. वापरून बघ आणि कुठे बिघडली ते सांग." दीड वर्षात अशा चार सुऱ्या माझ्या ओट्यावर आल्या. माझ्या रोजच्या वहीत एरवी काय असतं? सकाळची प्रार्थना, कोणाचं दुखणंखुपणं, नळाला पाणी किती वाजता आलं, लेकीचा फोन. पण त्या काळातली पानं चाळली, की मधूनच 'सुरी तिसरी, गाजर तिरकं जातं' असलं काहीतरी सापडतं. त्या नोंदींवरून हे सलग लिहून काढते आहे, कारण वन्सं स्वतः लिहिणार नाहीत. त्यांना लिहिण्याचा कंटाळा आणि बोलण्याचा दांडगा उत्साह.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मी एकदा शेजारणीला "त्यांचं लग्न जमलं नाही" असं सांगत होते, तर आतून ओरडल्या, "जमलं नाही नव्हे, केलं नाही म्हण!" म्हणून तसंच लिहिते. आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहतात. बावीस वर्षं त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात होत्या. शिवायला नव्हे, धार लावायला. तिथल्या तीनशेच्या वर कात्र्या त्यांच्या हाताखालून जायच्या. कात्री उघडून मिटली, की नुसत्या आवाजावरून त्या सांगत, "टोकापासून दोन बोटं मागे बोथट आहे." सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडत असे.

मग कारखाना दुसरीकडे गेला आणि माणसं इथेच राहिली. निरोप म्हणून वन्संना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी आणून त्यांनी ते मागून उघडलं, आतल्या चाकांना नख लावून पाहिलं, "अगदीच फालतू पोलाद" म्हणाल्या आणि पुन्हा मिटलं. पुढचे दोन महिने त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तूंना धार लावली. माझ्या सुऱ्या झाल्या, कात्र्या झाल्या, किसणी झाली, शेजाऱ्यांचं खुरपं झालं. हे जेवताना म्हणाले, "ताई, आता माझी जीभ तेवढी राहिली."

"ती मुळातच बोथट," वन्सं म्हणाल्या. "तिला वेळ लागेल. सवडीने बघू."

आमच्या गल्लीच्या टोकाला, लाकडाच्या वखारीच्या मागे, लोहारकाकांची भट्टी होती. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं फक्त सुऱ्या केलेल्या. पण कोपर दुखावल्यापासून मोठा हातोडा उचलवेना, म्हणून काम कमी कमी करत आणलेलं. एका सकाळी वन्सं त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे होते, कारण आम्ही भाजी आणायला निघालो होतो आणि मला वाटलं, सहज थांबल्या आहेत.

"काका, मला सुरी करायला शिकवा."

काकांनी मान वर केली नाही. "तुला धार लावता येते ना? मग पोट भरायला तेवढं पुष्कळ झालं."

"धार लावता येते म्हणूनच आले. दुसऱ्याने केलेल्या पोलादाला मी बावीस वर्षं नुसतं चकचकीत केलंय. ते पोलाद होतं कसं, ते मला ठाऊक नाही."

"वय?"

"एकोणपन्नास."

"हात बघू." काकांनी तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, अंगठ्याच्या बाजूचा घट्टा दाबून पाहिला. "उद्यापासून ये. पण पहिले सहा महिने काही विचारायचं नाही, पोरी."

"सहा महिने गप्प बसायचं असतं तर मी घरीच बसले असते."

काका हसले, हसता हसता त्यांना खोकला आला, आणि वन्संनी कोपऱ्यातला तांब्या उचलून त्यांना पाणी दिलं. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांना कोणी 'पोरी' म्हटलं, याचा आनंद त्यांनी भाजी घेताना तीन वेळा बोलून दाखवला.

पहिले तीन महिने त्या फक्त खिळे ठोकत होत्या. पुढचे तीन महिने आकडे, कोयंडे आणि एक वाकडी खुंटी. ती आमच्या मोरीत आहे. टॉवेल तिच्यावर टिकत नाही. पण एवढ्यात वन्संच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. काकांनंतर ती भट्टी आपल्याला मिळावी. त्यांनी ते मला सांगितलं, ह्यांना सांगितलं आणि सरळ काकांनाही सांगितलं. भट्टी, ऐरण, भाता, त्या जागेसकट. काका म्हणाले, "आधी सुरी कर. मग बोलू."

पहिली सुरी त्यांनी ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून केली. पातं ठोकून आकाराला आणलं, कानशीने घासलं. मग ते लालबुंद तापवून तेलात बुडवायचं असतं. त्यानेच पोलाद कडक होतं. आता काकांची भट्टी कायम अंधारी. खिडक्या बंद, दार अर्धं लोटलेलं. वन्सं कारखान्यातल्या. तिथे टेबलावर दोन-दोन दिवे, झाडलोट, सगळं टापटीप. काका दवाखान्यात गेले होते, तेवढ्यात वन्संनी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, कोळ्यांची जाळी काढली, फरशी धुतली आणि भर उन्हाच्या उजेडात पातं तापवायला घेतलं. लाल दिसेना. म्हणून आणखी तापवलं. तरी पुरेसं दिसेना. आणखी तापवलं, आणि मग तेलात.

काका परत आले. ते आधी खिडक्यांकडे बघत राहिले, मग पात्याकडे. पातं ऐरणीच्या कडेवर धरून त्यांनी एकच टोला दिला आणि त्याचे दोन तुकडे झाले. तुटलेली बाजू वन्संपुढे धरून म्हणाले, "आत काय दिसतं?"

"साखर," वन्सं म्हणाल्या. खरंच, आत साखरेसारखे जाडे, चमकणारे कण होते.

"जास्त तापलं की असं होतं. चांगलं असतं तेव्हा राखेसारखं बारीक दिसतं. पोरी, मी काय दिव्याचं बिल वाचवायला अंधारात बसतो? उन्हात लाल रंग दिसतच नाही."

ते दोन तुकडे वन्संनी माझ्या ओट्यावर आणून ठेवले. "बघ, आत साखर." मी म्हटलं, "वन्सं, जाळी तरी छान काढलीत." त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं आहे: 'पहिली. दोन तुकडे. वन्सं खूश.' खरंच खूश होत्या. आत काय असतं ते एकदाचं डोळ्यांनी पाहायला मिळालं म्हणून.

दुसरीच्या वेळी खिडक्या बंद होत्या. रंग बरोबर आला. तेलातून काढल्यावर पात्यावरून कानस फिरवून बघतात. पोलाद कडक झालं असेल तर कानस रुतत नाही, काचेवरून घसरावी तशी घसरते. तशीच घसरली. काकांनी बजावलं होतं, की आता हे पातं मंद आचेवर पुन्हा तापवून जरासं नरम करायचं, म्हणजे ते चिवट होतं. पण वन्संना त्या घसरण्याचा इतका मोह पडला, की ते काम उद्यावर टाकून त्यांनी नुसतं फडकं गुंडाळलेलं पातं घरी आणलं. "कोबी चिर. बघच."

कोबी असा चिरला गेला, की मला वाटलं मी हवाच चिरते आहे. मी "देवा रे" म्हणून हात पुसायला वळले, पातं ओट्यावरून फरशीवर पडलं आणि फुटलं. बशी फुटावी तसं. सुरी फुटते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मला रडू यायचंच बाकी होतं. वन्सं खाली बसून तुकडे गोळा करत म्हणाल्या, "आता बघ, आत राख आहे. साखर गेली की नाही?"

हे दारातून म्हणाले, "नुसतं कडक राहून चालत नाही, हे सांगायला लोहार कशाला हवा होता, ताई? घरात कोणीही सांगितलं असतं."

"तू गप रे. तू तर तापायच्या आधीच नरम पडतोस."

त्यानंतर पातं नरम करायचं काम माझ्या ओव्हनमध्ये होऊ लागलं, कारण तिथे आच एकसारखी राहते. रंग वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळा आला, की झालं. मी दिवसाआड पाव भाजते. आठवडाभर आमच्या पावाला यंत्राच्या तेलाचा वास होता. ह्यांनी तक्रार केली तेव्हा वन्सं म्हणाल्या, "खा. सांधे कुरकुरणार नाहीत."

तिसरी सुरी मात्र दिसायला देखणी झाली. सरळ, लखलखीत, मुठीला शिसवीचं लाकूड. काकांनी हातात घेतली, पोलाद वाजवून पाहिलं, मान हलवली आणि काही न बोलता परत दिली. वन्सं नाचत घरी आल्या. मी गाजरं घेतली. पहिली चकती कापली तर वर पातळ, खाली जाड. दुसरी तशीच. सरळ खाली दाबावी तर सुरी हळूच डावीकडे सरके. पाच गाजरं झाली आणि सगळ्या चकत्या पाचरीसारख्या.

"वन्सं, ही तिरकी जाते."

"तुझा हात तिरका जातो."

"अहो, तीस वर्षं चिरते आहे. आजच तिरका झाला?"

"दे इकडे." त्यांनी उरलेली सगळी गाजरं चिरली. मग तीन बटाटे. मग अख्खा कोबी. सगळ्या चकत्या पाचरीसारख्या. त्या सुरी घेऊन खिडकीपाशी गेल्या, डोळ्यासमोर आडवी धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मी कात्रीचं अर्धं पातं करून बसले आहे."

मग मला समजावून सांगितलं. कात्रीचं पातं एकाच बाजूने उतरतं घासतात. दुसरी बाजू सपाट ठेवावी लागते, कारण तिच्यावरून जोडीचं पातं सरकत जातं. एक जरा कलायला लागलं की दुसरं त्याला सरळ ठेवतं. बावीस वर्षं त्यांचा हात तेवढंच करत आला होता. सुरी घासतानाही त्याने विचार न करता एकच बाजू उतरती केली आणि दुसरी सपाट ठेवली. पण सुरीला जोडीदार नसतो. तिला दोन्ही बाजूंनी सारखं उतरत यावं लागतं, नाहीतर ती सपाट बाजूकडे पळते.

दुसऱ्या दिवशी त्या काकांशी भांडायला गेल्या. "तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर माझ्याशी वाद घातला असतास. गाजराशी काय वाद घालणार?"

शिकणं त्यांना जड गेलं नाही. जुनं सोडणं जड गेलं. दगडावर पातं फिरवताना हात आपोआप एकाच बाजूला दहा, वीस, तीस वेळा जायचा आणि दुसरी बाजू विसरायचा. म्हणून त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एका बाजूला दहा, मग पातं उलटं, दुसऱ्या बाजूला दहा. हे सकाळी मागच्या खोलीत चालायचं, आणि त्याच वेळी भिंतीच्या अलीकडे माझा जप. त्यांचे आकडे आणि माझे आकडे इतके मिसळायचे, की देवाच्या हिशेबी माझा जप त्या काळात किती झाला, हे देवालाच ठाऊक. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "माझे दहा तुझ्यात धर. मी कुठे मोजून बसले आहे?" बसल्याच होत्या मोजत.

हे सगळं चालू असतानाच काकांनी ठरवलं, की पुढच्या महिन्याच्या अखेरीला लेकीकडे राहायला जायचं, कायमचं. भट्टीच्या शेजारी फाटकवाल्याचं दुकान. तो लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. चाळिशीचा, कामाला चोख, बोलायला गोड. त्याला जागा वाढवायची होती आणि त्याने ती काकांकडे आधीच मागून ठेवली होती. वन्संनीही मागितली होती. काकांनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात माझ्या सुऱ्या तीस वर्षं चालतात. तिथल्या आचारीबाईंना चांगलं-वाईट दोन्ही कळतं. कात्रीबाई तिथे आपली एक सुरी देईल. आठवडाभर परत आली नाही, तर भट्टी हिची. परत आली, तर तुझी."

फाटकवाला म्हणाला, "ताई, सुरी नाही जमली तर माझ्याकडे फाटकं रंगवायला या."

"रंगवीन की," वन्सं म्हणाल्या. "तुझी फाटकं लांबून बरी दिसावीत म्हणून कोणीतरी रंगवायलाच हवीत."

चौथी सुरी तीन आठवडे माझ्याकडे चालली. गाजर सरळ, बटाटा सरळ, टोमॅटो असा कापला जायचा की साल कुठे सुटायची नाही. रोज वापरून मी ती गार पाण्याने धुवायची, फडक्याने कोरडी करायची आणि खणात वेगळी ठेवायची. वहीत रोज एकच शब्द: 'उत्तम.' एका सोमवारी वन्संनी ती कागदात गुंडाळून रुग्णालयात नेऊन दिली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. वन्सं भट्टीत आपला हातोडा कुठे टांगायचा, ते खडूने भिंतीवर आखून आल्या. गुरुवारी फाटकवाल्याने विचारलं, "ताई, काही बातमी?" तर म्हणाल्या, "बातमी नाही हीच बातमी." शुक्रवार गेला.

शनिवारी दुपारी दार वाजलं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडी धुणारी एक बाई आमच्याच गल्लीत राहते. तीच होती, आणि तिच्या हातात कागदात गुंडाळलेली सुरी.

"आचारीबाईंनी दिली. धार चांगली आहे म्हणाल्या. पण मूठ हलते, आणि हलत्या मुठीची सुरी मी माझ्या मुलींच्या हातात देणार नाही, म्हणाल्या."

वन्संनी सुरी घेतली, मूठ धरून हलवली. कट् कट् वाजली. लाकडाची एक फळी पोलादापासून केसभर सुटली होती.

"तुमच्याकडे सुऱ्या धुतात कशा?" त्यांनी विचारलं.

"उकळत्या पाण्यात. दिवसातून तीनदा. आजाऱ्यांचं जेवण ना बाई, तिथे गार पाणी चालत नाही."

ती गेली. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खणाकडे. माझ्या घरी त्या सुरीचे नुसते लाड झाले होते. तीन आठवड्यांत तिने उकळतं पाणी पाहिलं नव्हतं.

"तुझी काही चूक नाही," वन्सं म्हणाल्या. "माझं सगळं लक्ष धारेवर. मूठ मी अगदी शेवटी, एका दुपारी चिकटवली. गोंद आणि बारीक तारेचे दोन वेढे. कात्रीला वेगळी मूठ नसतेच ना, सगळं एकाच पोलादाचं. त्यामुळे मूठ ही कधी काळजी करायची गोष्ट असते, हे डोक्यातच आलं नाही. पुन्हा कात्रीच आडवी आली."

आता मी काय म्हणाले ते लिहिते. त्या दिवशीच्या पानावर मी ते लिहिलेलं नाही, पण इथे लिहायला हवं. मी म्हणाले, "वन्सं, एकच दिवस राहिला आहे. ती इथे घरी घेऊन आली, भट्टीवर नाही. काकांना माहीत नाही, फाटकवाल्याला माहीत नाही. आज मूठ पक्की करा, संध्याकाळी मी स्वतः नेऊन देते. परत आली असं कशाला म्हणायचं? डागडुजीला आली होती."

"सकाळी तासभर देवासमोर बसतेस आणि दुपारी मला हे शिकवतेस?"

"देवालाही वाटतच असेल, की भट्टी तुम्हाला मिळावी."

"मग त्याने मूठ धरून ठेवायची होती."

त्यांनी पदर खोचला, चपला घातल्या आणि निघाल्या. मीही मागोमाग निघाले. मला वाटत होतं, रस्त्यात त्यांचं मन वळवता येईल. पण त्या इतक्या भराभर चालत होत्या, की मला धापेखेरीज काही बोलता आलं नाही.

भट्टीत काका स्टुलावर बसले होते आणि फाटकवाला टेप घेऊन भिंती मोजत होता. वन्संना बघून त्याने टेप पाठीमागे लपवला. वन्संनी सुरी काकांच्या हातात दिली.

"परत आली."

काकांनी मूठ हलवून पाहिली, कानाशी धरून ऐकली. पात्यावरून अंगठा फिरवला. "पोलाद चांगलं. धार चांगली. दोन्ही बाजू सारख्या. मूठ कच्ची."

"हो."

"कितव्या दिवशी?"

"सहाव्या."

"मी काय ठरवलं होतं?"

"परत आली तर भट्टी याची."

फाटकवाला गडबडला. "ताई, मी काही कोणाला पाठवून नाही हं आणवली."

"तसं कोण म्हणतंय? मिळतंय तर घे. लाजतोस कशाला?"

काकांनी सुरी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पोरी, तू सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं. शब्द फिरवू का?"

फिरवा, फिरवा, मी मनात म्हणत होते.

"फिरवलात," वन्सं म्हणाल्या, "तर उद्यापासून तुमच्या हातची सुरीसुद्धा मला विश्वासाने धरता येणार नाही."

काकांनी मान हलवली. विषय संपला. मला वाटलं, आता घरी जाऊन अंथरुणावर पडायचं. पण वन्सं वळल्या त्या दाराकडे नव्हे, फाटकवाल्याकडे.

"काय रे, तुझ्या छिन्न्या कडक करून कोण देतं?"

"काका देतात."

"काका तर चालले. मग?"

"बाजारातून आणीन."

"गेल्या थंडीत बाजारातून आणल्या होत्यास. चार दिवसांत वाकल्या. कोणी सरळ करून दिल्या?"

"तुम्ही," तो म्हणाला.

"आणि भट्टीचं काय करणार आहेस?"

"पाडणार. इथे वेल्डिंगचं टेबल बसवायचंय."

"टेबल त्या भिंतीला बसतं. मोज."

"नाही बसत, ताई, मी आत्ताच—"

"तू दार उघडं धरून मोजलंस. दार बाहेर उघडेल असं कर. फाटकं करतोस ना? की तेवढंही मीच शिकवू?"

त्याने मोजलं. टेबल बसून वर वीतभर जागा उरत होती. काका खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवून हसत होते.

"भट्टी तुझी, जागा तुझी," वन्सं म्हणाल्या. "आठवड्यातून पाच सकाळी मला दे, नऊ ते एक. तुझ्या छिन्न्या, तुझे पंच, जे काही कडक करायचं ते मी करून देईन, आणि एकही वाकणार नाही."

"पाच फार होतात, ताई. मला पण काम आहे. दोन."

"चार."

"तीन. त्याच्या वर नाही. आणि माझ्याशी कात्रीसारखं बोलायचं नाही."

"तीन चालतील. बोलण्याचं काही सांगू शकत नाही."

परत येताना त्या आरामात चालत होत्या. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"वाटतंय. भट्टी माझी व्हायला हवी होती." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "पण तीनच सकाळी मिळतील असं मी धरलं होतं, आणि तीन मिळाल्या."

त्यानंतरचा सोमवार वन्संनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काढला. आचारीबाईंना विचारून एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या, न्याहारीपासून दुपारची भांडी होईपर्यंत. कोण सुरी कशी धरतं, कुठे आपटतं, कशाने घासतं, पाण्यात किती वेळ टाकतं. आचारीबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या म्हणे, "सुरी बघायची सोडून माणसं काय बघताय?" घरी आल्यावर त्यांनी ती मूठ फोडून टाकली. नव्या मुठीचं लाकूड आधी तेलात उकळलं. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत आलेलंच होतं. त्याला तीन आरपार भोकं पाडून जाड पितळी खिळे घातले आणि दोन्ही बाजूंनी ठोकून बसवले. पोलाद कडक झाल्यावर भोकं पाडायची म्हणजे दगडाला टाचणी टोचणं. तीन ड्रिल मोडले. मग भट्टीत मुठीकडचा तेवढा भाग लाल करून नरम केला, धारेकडचा भाग ओल्या चिंध्यांत गुंडाळून. "पुढच्या वेळी भोकं आधी," एवढंच म्हणाल्या. आणि मग माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ती सुरी आठ दिवस, दिवसातून तीनदा उकळली. चहा कधी मिळेल असं ह्यांनी विचारलं, की उत्तर ठरलेलं: "सुरीचं झालं की."

काका लेकीकडे गेले. जाताना त्यांनी वन्संना काही दिलं नाही, आणि वन्संनी मागितलं नाही. ऐरण, हातोडे, सगळं फाटकवाल्याचं झालं. फक्त गाडीत बसताना ते फाटकवाल्याला म्हणाले, "खिडक्या उघडू नकोस."

सुरी पुन्हा रुग्णालयात गेली. एक आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. या वेळी वन्संनी भिंतीवर काही आखलं नाही आणि बातमीबद्दल काही बोलल्याही नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, नऊच्या ठोक्याला त्या भट्टीत असायच्या.

परवाच्या शुक्रवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. त्यांच्या समोर फाटकवाल्याच्या चार छिन्न्या निखाऱ्यांत होत्या आणि तो मागे उभा राहून घाई करत होता. तेवढ्यात दारात तीच भांडी धुणारी बाई आली. मी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"आचारीबाई म्हणाल्या, तशीच आणखी एक हवी," ती म्हणाली. "पण थोडी आखूड."

"आखूड म्हणजे किती?"

"ते नाही सांगितलं. नवीन मुलगी आली आहे एक, तिच्यासाठी."

वन्संनी छिन्न्या सांडशीने निखाऱ्यांतून काढून कडेच्या राखेत सरकवल्या, हात पुसले आणि चपला शोधू लागल्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"तिचा हात बघून येते."

"अहो ताई, माझ्या छिन्न्या!" फाटकवाला ओरडला. "मला दुपारी त्या हव्यात!"

"दुपारी मिळतील," वन्सं दारातून म्हणाल्या. "एक वाजेपर्यंत सकाळ माझी आहे."